डिजिटल संग्रह आणि नोंदींची शिस्त

आज अनेक विहारांतून, वाचनालयांतून व घराघरांतून जुनी छायाचित्रे, नियतकालिकांचे अंक आणि जलशांच्या ध्वनिफिती संगणकावर साठविल्या जात आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु फाईल तयार झाली म्हणजे ठेवा जतन झाला, असे नव्हे. छायाचित्रात कोण आहेत, ते केव्हा व कोठे काढले, कोणाकडून मिळाले, हे सोबत लिहिले नसेल तर उद्या तो केवळ अनोळखी चेहऱ्यांचा समूह उरेल. ते चेहरे ओळखणारी वडीलधारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. म्हणूनच हा विषय तातडीचा आहे.

वस्तूसोबत ठेवावयाच्या अशा माहितीला ‘मेटाडेटा’ म्हणतात. आम्हां बँकेतील मंडळींना ही शिस्त नवी नाही. बँकेचा आयएफएस कोड अकरा स्थानांचा असतो: पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, शेवटची सहा स्थाने शाखेची. हा क्रम सर्व बँका पाळतात, म्हणूनच पुण्यातून पाठविलेली रक्कम नांदेडच्या नेमक्या शाखेत पोहोचते. संग्रहाच्या नोंदींसाठीही असे ठरलेले साचे आहेत. त्यांना मानके म्हणतात.

ग्रंथालयांसाठी ‘मार्क’ हे मानक १९६० च्या दशकात अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये तयार झाले. त्यात प्रत्येक माहितीला क्रमांक असतो. उदाहरणार्थ, ग्रंथाच्या शीर्षकासाठी २४५. पुढे १९९५ साली अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या डब्लिन गावी तज्ज्ञांची बैठक झाली आणि तीतून ‘डब्लिन कोअर’ हे सोपे मानक उदयास आले. त्यात शीर्षक, निर्माता, विषय, दिनांक, भाषा, हक्क असे पंधराच रकाने आहेत. थोडे शिक्षण घेतलेला कार्यकर्ताही ते भरू शकतो.

मग अडचण कोठे येते? एकच मानक सर्व वस्तूंना पुरत नाही. वामनदादा कर्डकांचे गीत दुसऱ्या गायकाने गायिले असेल, तर ‘निर्माता’ कोणाला म्हणावे? कवी, गायक आणि ध्वनिमुद्रण करणारा या तिघांची नोंद हवी. सेनापती बापट रस्त्यावरील सिंबायोसिसच्या आंबेडकर संग्रहालयात बाबासाहेबांच्या वापरातील वस्तू आहेत. अशा वस्तूंसाठी साहित्य, मापे आणि सद्यःस्थिती यांचे रकाने लागतात. पुस्तकाच्या साच्यात ते मिळत नाहीत.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मानक घडविणाऱ्याची दृष्टी त्या मानकात उतरते. १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या ड्यूईच्या वर्गीकरणात धर्मासाठी २०० ते २९९ हे अंक आहेत. त्यांतील बहुतेक ख्रिस्ती धर्माकडे गेले आणि बौद्ध धम्माच्या वाट्याला २९४.३ एवढी जागा आली. जुन्या सूचींत आपल्या समाजाची नावेही इतरांनी ठरविलेली आढळतात. ती खोडून टाकू नयेत, कारण तोही इतिहासच आहे. मूळ शब्द एका रकान्यात जसाच्या तसा ठेवावा आणि आपण स्वीकारलेला शब्द शेजारच्या रकान्यात लिहावा.

यावर उपाय म्हणजे एक मानक पायाला घेणे, उणे पडेल ते दुसऱ्या मानकांतून घेणे आणि अगदीच नसेल तेवढे स्वतः जोडणे. अशा जुळणीला ‘उपयोजन आराखडा’ म्हणता येईल. पुण्यातच याला जवळचे एक उदाहरण घडले आहे. सी-डॅकमध्ये शासकीय इलेक्ट्रॉनिक दस्तऐवजांच्या जतनासाठी तयार झालेले ‘ई-गव्ह पीआयडी’ हे मानक केंद्र सरकारने २०१३ साली अधिसूचित केले. आयएसओ १४७२१ या आंतरराष्ट्रीय मानकाला अनुसरून, आपल्या कारभाराला लागणारी डिजिटल स्वाक्षरीसारखी माहिती त्यात समाविष्ट आहे.

आता आपल्या कामाचा विचार करू. समजा, देहूरोड येथे २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली, त्या प्रसंगाचे छायाचित्र एखाद्या घरी मिळाले. शीर्षक, दिनांक, स्थळ व हक्क हे रकाने डब्लिन कोअरमधून घ्यावेत. स्कॅन केव्हा झाले, फाईल पुढे बदलली काय, यांसाठी जतनाचे ‘प्रिमिस’ हे मानक आहे. ‘व्यक्तींची ओळख कोणी पटविली’ आणि ‘मागील बाजूस काय लिहिले आहे’ हे दोन रकाने आपण जोडावेत.

मात्र काही पथ्ये पाळली पाहिजेत. उसन्या रकान्याचा अर्थ बदलू नये. ‘निर्माता’ या रकान्यात देणगीदाराचे नाव घातले, तर इतर संग्रहांशी मेळ बसणार नाही. स्वतःचे रकाने थोडे असावेत व प्रत्येकाचा अर्थ लिहून ठेवावा. नावांचे एकच रूप ठरवावे. अन्यथा ‘भीमराव रामजी आंबेडकर’ आणि ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर’ या संगणकाला दोन व्यक्ती वाटतील. दिनांक वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहावा. ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक ३/४/१९२७ चा, असे लिहिले तर आपण ३ एप्रिल वाचू, पण अमेरिकेतील वाचक ४ मार्च वाचील. १९२७-०४-०३ असे लिहिले की गोंधळ उरत नाही. शेवटी, आपला कोणता रकाना कोणत्या मानकातील कोणत्या रकान्याशी जुळतो, याचा तक्ता ठेवावा. दोन खात्यांचा मेळ घालण्यासारखेच हे काम आहे. हा तक्ता असेल तर आपला संग्रह उद्या विद्यापीठाच्या किंवा परदेशातील ग्रंथालयाच्या सूचीशीही जोडता येईल.

यासाठी फार पैसा लागत नाही. एक साधा तक्ता, ठरलेले नियम आणि ते पाळण्याची चिकाटी पुरे. विद्यार्थी मित्रांनी सुट्टीत आपल्या आजी-आजोबांजवळ बसून घरातील दहा छायाचित्रांच्या जरी नोंदी केल्या, तरी मोठे काम होईल. स्कॅनिंग पुढच्या वर्षीही करता येईल. नावे मात्र आजच विचारून घ्यावी लागतील.