सकाळी सुजणारा चेहरा

सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला, दुपारपर्यंत सूज थोडी उतरते. सदऱ्याचं वरचं बटण लागत नाही. खाली वाकलं की डोकं गच्च होतं, आडवं पडलं की धाप लागते. सोलापूर जिल्ह्यातल्या वळसंगसारख्या गावात अशा वेळी पहिली शंका मूत्रपिंडावर जाते. पण मूत्रपिंडाच्या आजारात बहुधा पायांवरही सूज येते. इथे पाय ठीक असतात आणि छातीवर निळसर शिरा टरारून दिसतात. म्हणून सदरा काढून छाती पाहायलाच हवी.

डोकं, मान आणि हातांचं रक्त हृदयाकडे आणणारी ऊर्ध्व महाशीर जेमतेम 7 सेंटीमीटर लांब असते. भिंत पातळ, आतला दाब कमी, शेजारी श्वासनलिका आणि लसीकाग्रंथी. तिथे गाठ वाढली की ही शीर दबते आणि अडलेलं रक्त कातडीखालच्या बारीक शिरांतून वाट काढतं.

विल्यम हंटर यांनी 1757 मध्ये असा रुग्ण नोंदवला, तेव्हा कारण होतं फुगलेली महाधमनी. आज बहुतेक रुग्णांत कारण कर्करोग असतो: आधी फुप्फुसाचा, मग लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा. वळसंगहून सोलापूरला जाताना कुंभारीत विडी कामगार महिलांची मोठी वसाहत लागते. त्यांच्या हातून वळलेली विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसात काय करते, हे या जिल्ह्याला वेगळं सांगायला नको.

पूर्वी असा रुग्ण आला की तपासणीआधीच किरणोपचार देत. आता श्वास घरघरत नसेल, शुद्ध हरपत नसेल, तर आधी गाठीचा तुकडा तपासतात. हा बदल मला फार मोलाचा वाटतो. कारण लिम्फोमा केमोथेरपीनं पूर्ण बराही होऊ शकतो. घाईनं स्टेरॉइड दिलं तर गाठ विरघळते आणि निदानच हुकतं. आपल्याकडे तर ती गाठ क्षयाचीही निघू शकते.

त्रास जास्त असेल तर स्टेंट. जांघेतल्या शिरेतून बारीक तार वर सरकवतात. पडद्यावर रंगद्रव्याची काळी धार वरून खाली उतरते आणि गाठीपाशी सुतासारखी बारीक होते. तार त्या फटीतून पार गेली की तिच्यावरून मिटलेली जाळीदार नळी नेऊन सोडतात. अनेक स्टेंट निकेल-टायटॅनियमच्या मिश्रधातूचे असतात. शरीराच्या उबेनं ते आपोआप उघडतात. डोक्यातला ताण बऱ्याचदा काही तासांत हलका होतो, चेहरा दोन-तीन दिवसांत उतरतो. आत रक्ताची गुठळी असेल तर तिच्यावर वेगळे उपचार लागतात. सलाइन शक्यतो पायाला लावतात, कारण हाताकडून येणारी वाटच तुंबलेली असते.

स्टेंटनं कर्करोग जात नाही. पण बसून रात्र काढणारा माणूस पाठीवर निजू शकतो, आणि सीटी स्कॅन असो वा किरणोपचार, दोन्हींच्या टेबलावर उताणंच निजावं लागतं.