पेटी आधी तुमच्या शेडमध्ये मोडू द्या!



भोसरी, चाकण, सातपूर, अंबड, कुठेही जा, शीट मेटलचं छोटं वर्कशॉप चालवणाऱ्यांचा प्रश्न एकच असतो: जॉबवर्क किती दिवस करायचं? स्वतःचं प्रॉडक्ट कधी काढायचं? आज अशाच एका प्रॉडक्टबद्दल बोलू. अॅडव्हेंचर बाइकच्या मागे दोन्ही बाजूंना लागणाऱ्या अॅल्युमिनियमच्या पेट्या, म्हणजेच पॅनिअर.

मार्केट आहे का? 2016 मध्ये रॉयल एनफिल्डची हिमालयन आली, 2019 मध्ये हिरोची एक्सपल्स 200, 2020 मध्ये केटीएमची 390 अॅडव्हेंचर, आणि ती तर आपल्या चाकणलाच बनते. लडाख-स्पितीला जाणाऱ्या रायडरला सामान कोरडं आणि कुलपात हवं असतं. पण पेटी बनवणं आणि टिकणारी पेटी बनवणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आधी मटेरियल समजून घ्या. साधारण 1.5 मिमी जाडीचा पत्रा यासाठी वापरतात. 6061 टी6 ग्रेड मजबूत खरा, पण घट्ट बेंड मारला की तडकतो. 5052 चांगला वाकतो, गंजतही कमी. दुसरं लक्षात घ्या, अॅल्युमिनियम थकतं. एका दणक्याला काही होत नाही, पण लाखो छोट्या धक्क्यांनी बारीक चीर पडते आणि वाढत जाते. ती बहुतेक वेळा वेल्डिंगच्या शेजारी, छिद्राच्या काठावर किंवा तीक्ष्ण कोपऱ्यात सुरू होते. म्हणून कोपरे गोलाकार ठेवा आणि जिथे पेटी रॅकवर बसते तिथे आतून जादा पट्टी द्या.

मग स्वतःला विचारा: पडल्यावर आधी काय मोडलं पाहिजे? बाइक पडणार, हे धरूनच चाला. पेटीला पोचा आला तर रायडर दगडाने ठोकून सरळ करेल. रॅक वाकला तर गावातला वेल्डर सांभाळून घेईल. पण धक्का थेट बाइकच्या सबफ्रेमला गेला तर ट्रिप संपली. म्हणजे आधी पेटी, मग रॅक, आणि सबफ्रेम शेवटपर्यंत शाबूत. काही ठिकाणी मुद्दाम कमजोर राहणं हेच चांगलं डिझाइन असतं.

आता टेस्टिंग. पाच चाचण्या करा:

1. पाणी: आयपीएक्स5 चाचणीत 6.3 मिमी नोझलमधून मिनिटाला 12.5 लिटर पाणी किमान 3 मिनिटं मारतात. पेटीत वर्तमानपत्र ठेवा, चारही बाजूंनी फवारा मारा. कागद ओला झाला तर गॅस्केट नापास.
2. पडणं: दोन्ही पेट्या भरून उभी बाइक आडवी पाडा, दोन्ही कुशींवर. नंतर झाकण हाताने उघडतंय का, ते बघा.
3. हादरे: वजन भरून खराब रस्त्यावर फिरवा. दर 200 किमीला थांबून प्रत्येक बोल्ट आणि वेल्ड तपासा, फोटो काढा, वहीत लिहा. पुढे मशीनवर व्हायब्रेशन टेस्ट हवी असेल तर पुण्यात एआरएआय आहे.
4. आतली घासण: उघडं अॅल्युमिनियम सामानावर घासून कपडे काळे करतं. आत पिशवी किंवा कोटिंग द्या.
5. माणूस: वाळूत किंवा चिखलात रायडर पाय टेकतो, तेव्हा पोटरी पेटीखाली सापडते का? हे मोजपट्टी सांगणार नाही, बाइकवर बसूनच कळेल.

"सर, एवढ्या पेट्या मोडायच्या म्हणजे नुकसानच ना?" चला, हिशोब करू. समजा, जोडीला खर्च 12,000 आणि विक्री 18,000, म्हणजे हातात 6,000. टेस्टिंगमध्ये 5 जोड्या मोडल्या तर 60,000 गेले. 10 जोड्या विकल्या की वसूल. पण ग्राहकाकडची एक जोडी परत आली तर नवी जोडी 12,000 आणि जाण्यायेण्याचं कुरिअर समजा 2,000. म्हणजे दोनपेक्षा जास्त विक्रींचा नफा एका तक्रारीत साफ! आणि त्याने रायडर ग्रुपवर फोटो टाकला, तर त्याची किंमत वहीत मावत नाही.

फक्त माल चांगला असून भागत नाही, हेही ऐका. या धंद्यातलं जगभर गाजलेलं नाव म्हणजे जर्मनीची टूराटेक. 2017 मध्ये त्या कंपनीलाही दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला, मग ती दुसऱ्या उद्योगाने विकत घेतली. नाव मोठं असलं तरी खेळतं भांडवल वेगळं सांभाळावं लागतं.

त्यामुळे सुरुवात एकाच बाइक मॉडेलपासून करा. पहिल्या 10 जोड्या ओळखीच्या, खरंच फिरणाऱ्या रायडरांना द्या आणि त्यांना स्पष्ट सांगा, "दादा, जपून वापरू नका." ते परत आले की पेटी उलटी करून तळ बघा. तुमचं पुढचं डिझाइन तिथेच लिहिलेलं असेल.

तुमच्या वर्कशॉपमध्ये सध्या कोणतं प्रॉडक्ट डोक्यात आहे? कमेंटमध्ये लिहा. आणि त्यासोबत हेही लिहा की ते तुम्ही कसं मोडून बघणार!