सूना महलची किंमत

मरीन ड्राइव्हला वीर नरिमन रस्ता जिथे मिळतो, त्या कोपऱ्यावर ‘सूना महल’ उभी आहे. १९३७ची ही आर्ट डेको शैलीतली इमारत वास्तुविशारद गजानन म्हात्रे यांची. कोपऱ्याचा भूखंड बघून त्यांनी दर्शनी भाग गोलाकार वळवला, मजल्यामजल्यावरून आडव्या पट्ट्या फिरवल्या आणि माथ्यावर बुरुजासारखा गोल मनोरा चढवला. या परिसरातल्या इमारतींच्या खिडक्यांवर पुढे आलेले सिमेंटचे छज्जे दिसतात. ते देखणे आहेतच, पण दुपारचं ऊन आणि पावसाची झडही अडवतात. आर्ट डेको शैली परदेशातून आली खरी, तरी तिला मुंबईच्या हवेत राहायला शिकवलं ते इथल्या वास्तुविशारदांनी.

तरीही अशा इमारतीचं मोल तिच्या एकटीच्या रूपात शोधलं, तर निम्मं हातातून निसटतं. बॅकबेच्या भरावावर ठरवून दिलेल्या नियमांनी साधारण सारख्या उंचीच्या इमारतींची रांग उभी राहिली. मधली एक पाडून तिथे टॉवर चढवला, तर बाकीच्या शाबूत राहूनही रांग मोडते. २०१८मध्ये युनेस्कोने ओव्हल मैदानाभोवतीच्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तोही एकेका वास्तूला नव्हे, समूहाला. शिवाय राहणीतला मोठा बदल या घरांत दिसतो. चाळीतला सामाईक नळ आणि सामाईक संडास मागे टाकून ज्याला मुंबईकर ‘सेल्फ-कंटेन्ड ब्लॉक’ म्हणू लागले, ते घर इथे रुजलं. आज आपण फ्लॅट म्हणतो त्याचीच ही आधीची पिढी.

श्रीमंतांच्या घरांची काळजी इतरांनी का करावी, असं विचारलं जातं. खोल्या मालकीच्या असतात, पण दर्शनी भाग समोरच्या कट्ट्यावर फुकट बसणाऱ्या प्रत्येकाचा असतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, १९९९च्या कायद्याने वर्षाला जेमतेम चार टक्के वाढ दिली. मग मालकाने दुरुस्ती कुठून करायची? ही तक्रार रास्तच आहे. वारसा सगळ्यांचा आणि खर्च एकट्याचा, हा न्याय नव्हे. १९९५च्या मुंबईच्या वारसा नियमावलीने अशा मालकांना टीडीआर, म्हणजे न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसरीकडे विकण्याची मुभा, देण्याचं तत्त्व मान्य केलं होतं. ते सुटसुटीतपणे राबवायला हवं, जोडीला दुरुस्तीसाठी थेट निधीही हवा.

खरा धोका ओव्हलपेक्षा दादर, माटुंगा, शिवाजी पार्कला आहे. सप्टेंबर १९४०पूर्वीच्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या, इमारतीला पुनर्विकासात वाढीव एफएसआय, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळते. म्हणजे जे वय वारशाची खूण मानायचं, तेच पाडण्याचं कारण ठरतं. खाऱ्या हवेने सळ्या गंजतात, काँक्रीट सुटतं, हे खरं. पण प्रत्येक तडा म्हणजे इमारतीचा शेवट नसतो. म्हणून तिथल्या रहिवाशांना कळकळीची विनंती आहे: विकासकाच्या करारावर सही करण्याआधी जुन्या बांधकामाची जाण असलेल्या स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासणी करून घ्या, आणि दुरुस्तीचा अंदाजपत्रकी खर्च सोसायटीच्या सभेत सगळ्यांसमोर मांडा.