शून्याने भागले तर?

भोरजवळच्या भाटघर धरणाचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला पोचताच आपोआप उघडतात. संगणकातही अशीच सोय असते. समजा, प्रोग्रॅमने शून्याने भागायला सांगितले. इंटेल जातीचा प्रोसेसर काम थांबवतो, परतीचा पत्ता स्मृतीत ठेवतो व ठरलेल्या आज्ञावलीकडे वळतो. हाच 'ट्रॅप'.

काही ट्रॅपमध्ये प्रोसेसर पत्त्यासोबत चुकीचा सांकेतिक अंकही ठेवतो; शून्याच्या भागाकारात ठेवत नाही. सर्वांची मांडणी सारखी राहावी म्हणून लिनक्स प्रणाली तेथे मुद्दाम एक खोटा अंक ठेवते. आज्ञावलीची साफसफाई करताना कोणी तो निरुपयोगी समजून काढला, तर एक घर चुकते. पत्ता म्हणून भलताच अंक उचलला जातो आणि संगणक बंद पडू शकतो. म्हणून तपासणाऱ्याने खोडलेली ओळ तेथे का होती, हे आधी शोधावे.