खटका पडला, भडका झाला, पण बार कुठाय? रंजक निवडताना

मागच्या भागात ठासणीच्या बंदुकीची नळी कशी भरतात ते बोललो. आज त्याच बंदुकीतली सगळ्यात छोटी गोष्ट: रंजक.

चकमकीच्या बंदुकीत घोड्याच्या तोंडात गारगोटीचा तुकडा असतो. चाप ओढला की तो पोलादी पट्टीवर घासतो, ठिणग्या पडतात आणि खालच्या छोट्या वाटीतली चिमूटभर दारू पेटते. (दारू म्हणजे बंदुकीची हां!) ही चिमूट म्हणजे रंजक. तिचा भडका नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, म्हणजे कानातून, आत जातो आणि मग बार उडतो.

मी राहतो अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात. इथे १९७४ पासून नाताळनंतरच्या थंडीत चकमकीच्या बंदुकीने हरणांच्या शिकारीचा खास हंगाम असतो. त्यामुळे आपल्याकडे मिसळीच्या तर्रीवर होतात तसे इथे रंजकेवर वाद होतात.

माझं मत ठरलेलं होतं: जितकी बारीक, तितकी भारी. मग ऑगस्टमधली एक दमट सकाळ आली. चार-पाच बार झाले होते आणि वाटी पुसायचा मी कंटाळा केला होता. तशीच नवी रंजक घातली, नेम धरत बसलो, चाप ओढला. खटका पडला, फुस्स झालं, बार नाही. काय झालं ते बघायला मी बंदूक खाली घेणार, तोच क्लबातले सत्तरीचे एक आजोबा ओरडले, "नळी समोरच ठेव!" मी थिजलो. पुढच्याच क्षणी धाडकन बार उडाला. गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली. मी वळलो असतो तर ती कुठे गेली असती, हा विचार आजही नकोसा वाटतो.

चुकलं कुठे? काळ्या दारूची जाडी 'एफ'वर मोजतात. एक एफ जाड, चार एफ एकदम बारीक. बारीक दाण्याला ठिणगी पटकन धरते, हे खरंच. पण जळलेल्या दारूची राख हवेतला ओलावा ओढते. न पुसलेल्या वाटीत पिठासारखी बारीक रंजक घातली की बघता बघता काळा चिखल होतो. तो पेटतो, पण रेंगाळत.

म्हणून आता माझा हिशोब असा:

पहिलं, रंजक अस्सल काळ्या दारूचीच. पायरोडेक्ससारख्या पर्यायी दारूला पेटायला जास्त उष्णता लागते, वाटीतल्या ठिणगीवर भरवसा नाही.

दुसरं, कोरड्या दिवशी चार एफ. दमट हवेत तीन एफही चालते. किंचित उशीर होतो, पण काम होतं. १८०३ मध्ये जालन्याजवळच्या असईच्या लढाईत इंग्रजी पायदळाकडे अशाच बंदुका होत्या. शिपाई काडतूस दाताने फाडून आधी थोडी दारू वाटीत टाकायचा, उरलेली नळीत. दोन्हीकडे एकच दारू!

तिसरं, वाटी शिगोशीग नको. कान बुजला तर भडका आत झेपावत नाही, वातीसारखा जळत जातो.

चौथं, दर बारानंतर वाटी आणि कान पुसा. पावसाळी हवेत रंजक वरचेवर बदला, वर चामड्याचं झाकण घाला.

आणि बार नाही उडाला तर? नळी समोर धरून निदान एक मिनिट थांबा. क्लबाचा नियम जास्तीचा असेल तर तो पाळा.

भारतातल्या मंडळींनो, चालू स्थितीतली बंदूक आणि दारू दोन्हीला परवाना लागतो. वाड्याच्या माळ्यावर जुनी बंदूक सापडली तर प्रयोग नकोत, आत जुना बार भरलेला असू शकतो.

थोडक्यात, आधी कोरडी, मग बारीक. भेटू पुढच्या भागात!