औषध, ओळखपत्र आणि छप्पर

१९४३ च्या दुष्काळात बंगालची खेडी कोलकात्याच्या फुटपाथवर येऊन मरू लागली, तेव्हा तत्कालीन सरकारने एक कायदा केला : बंगाल व्हेग्रन्सी ॲक्ट. रस्त्यावर भीक मागणारा, किंवा भीक मागून जगत असावा असे ज्याच्या अवस्थेवरून वाटते, असा मनुष्य विशेष दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचा आणि तेथून निराश्रितगृहात धाडायचा, हे त्याचे सार. स्वातंत्र्यानंतरही ही गृहे अनेक दशके चालू राहिली. १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याची जातकुळी निराळी नव्हती. दिल्लीला लागू असलेल्या त्याच्या अनेक तरतुदी तेथील उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये घटनाबाह्य ठरवल्या. बेघर माणूस दृष्टिआड करणे म्हणजे बेघरपणा सोडवणे, हा प्रशासनाचा जुना समज आहे. मीही त्याच प्रशासनात आयुष्य काढले, म्हणून हे परक्याचे दोष म्हणून सांगत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख बेघर नोंदले गेले. सुमारे ४५ लाख लोकसंख्येच्या कोलकात्यात सुमारे ७० हजार. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० पासूनच्या आदेशांनंतर, २०१३ मध्ये आलेल्या राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाने निकष ठरवला : दर लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचा, अहोरात्र उघडा असणारा एक कायमस्वरूपी निवारा. या हिशेबाने कोलकात्याने निकष शंभर टक्के पाळला, तरी जागा होतात साडेचार हजार. निकष शहराच्या लोकसंख्येवर बेतला आहे, बेघरांच्या संख्येवर नाही.

पण जागांची मोजणी हा प्रश्नाचा सोपा भाग. रस्त्यावर एकटी राहणारी, कपड्यांची शुद्ध नसलेली, स्वतःशी पुटपुटणारी स्त्री निवाऱ्याच्या दारापर्यंत येतच नाही, आणि आली तर सामान्य निवारे तिला ठेवून घ्यायला कचरतात. या माणसांसाठी कोलकात्यात २००७ मध्ये ‘ईश्वर संकल्प’ ही संस्था उभी राहिली. तिच्या ‘नया दौर’ या उपक्रमाची रीत साधी आहे. कार्यकर्ते फुटपाथवरच्या माणसाकडे पुन्हा पुन्हा जातात. चहा, खाणे, दोन शब्द. कोणी हाकलून दिले तर दुसऱ्या दिवशी परत. विश्वास बसल्यावर अंघोळ, केस कापणे, स्वच्छ कपडे, आणि मग मनोविकारतज्ज्ञ तिथेच येऊन तपासतात. रोजची गोळी द्यायला डॉक्टर येऊ शकत नाही, म्हणून हे काम चहावाला, शेजारचा दुकानदार किंवा मोहल्ल्यातलाच कोणी अंगावर घेतो. तोच जेवणाकडे लक्ष ठेवतो, प्रकृती बिघडली तर कळवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये समाजाधारित मानसिक आरोग्यसेवांचे मार्गदर्शन प्रसिद्ध केले, त्यात ‘नया दौर’ची दखल आहे.

माझ्या मते यातली कळीची गोष्ट औषध नव्हे, क्रम आहे. आधी ओळख, मग उपचार. सरकारी योजना नेमकी उलट चालते : आधी कागद दाखवा. निवडणूक आयोगाच्या एका नियमाचा येथे आदराने उल्लेख करायला हवा. बेघर मतदाराकडे पत्त्याचा पुरावा नसेल, तर तो सांगतो त्या ठिकाणी खरोखर झोपतो का, हे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहायचे. राज्ययंत्रणा फुटपाथपर्यंत जाऊ शकते, याचा हा पुरावा. शिधापत्रिका आणि बँक खात्यासाठी मात्र ती तितकी चालत नाही.

कायदा आता मागे नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ बेघर रुग्णाला मोफत उपचारांचा हक्क देतो. कलम १०० नुसार, रस्त्यावर भटकणाऱ्या आजारी माणसाला संरक्षण देऊन चोवीस तासांच्या आत सरकारी आरोग्यसंस्थेत नेणे, त्याला कोठडीत न ठेवणे आणि त्याच्या घरच्यांचा शोध घेणे ही ठाण्याची जबाबदारी आहे. मात्र कलम सांगते तिथे माणूस रुग्णालयात पोहोचतो. बरा झाल्यावर कुठे जायचे, हा प्रश्न दारात उभाच राहतो.

काहींना घर सापडते. कर्जतची डॉ. भरत वाटवानी यांची ‘श्रद्धा’ संस्था हेच काम करते आणि त्यासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण काहींना कुटुंब उरलेले नसते, आणि काहींनी ज्या घरातून पळ काढला, तिथे परत पाठवणे क्रूर ठरते. ‘ईश्वर संकल्प’चे चेतला भागात स्त्रियांसाठी ‘सर्बरी’ हे निवासस्थान आहे. तेथून बऱ्या झालेल्या काही जणी त्याच परिसरात कॅफे चालवतात, मजुरी मिळवतात. मजुरी मिळवणाऱ्या बाईला निवाऱ्यात का ठेवायचे?

चेन्नईच्या ‘द बॅनियन’ने यावर ‘होम अगेन’ हा मार्ग काढला : चार-पाच जणींनी साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहायचे, गरजेप्रमाणे मदतनीस सोबतीला. फिनलंडनेही २००८ पासून निवाऱ्यांचे रूपांतर भाडेकराराच्या सदनिकांत केले. तेथील तिजोरीशी आपली तुलना नको, पण दिशा तीच. आपल्याकडे अडते ते लेखाशीर्षावर. अभियानाचा पैसा निवारा बांधायला, दुरुस्त करायला आणि चालवायला मिळत असे. प्रधानमंत्री आवास योजनेत स्वतः घर बांधायचे तर मालकीची जमीन लागते. चेतल्यातल्या कॅफेत कमावणारी स्त्री या दोन्हींच्या मधल्या जागेत आहे. तिला हवी असते खोलीची अनामत, पहिल्या काही महिन्यांच्या भाड्यात वाटा आणि घरमालकाशी बोलणारा कोणीतरी.