विद्यार्थ्याने मागितली नक्कल

तलाठ्याकडे जाऊन आपण सातबाऱ्याची नक्कल मागतो. जमीन आपली, तर तिच्याविषयी दप्तरात काय लिहिले आहे ते पाहण्याचा हक्कही आपला. हे आपल्याला ठाऊक आहे. आता मोबाईलचे पाहा. त्याच्यावर आपण जे लिहितो, पाहतो, पाठवतो, त्याचेही दप्तर कंपन्यांजवळ असते. त्या दप्तराची नक्कल मागता येईल का? ऑस्ट्रिया देशातल्या एका विद्यार्थ्याने ती मागितली. त्यातून पुढे काय काय घडले, ते आम्ही इथे सांगत आहोत.

विद्यार्थ्याचे नाव माक्स श्रेम्स. तो व्हिएन्ना शहरात कायद्याचे शिक्षण घेत होता. २०११ साली तो एका सत्रापुरता अमेरिकेतल्या सांता क्लारा विद्यापीठात शिकायला गेला.

असे जाणे म्हणजे काय, ते आधी समजून घेऊ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ साली अमेरिकेला गेले, ते तिथली पदवी घेण्यासाठी. देवाणघेवाण निराळी. दोन देशांतली विद्यापीठे आपसात ठरवतात, की आमची काही मुले थोडे महिने तुमच्याकडे शिकतील, तुमची आमच्याकडे येतील. मूल परत येते आणि पदवी आपल्याच विद्यापीठाची घेते. तिकडे शिकलेले इकडे धरले जाते. युरोपात अशी एक मोठी योजना १९८७ साली सुरू झाली. पहिल्या वर्षी ३,२४४ विद्यार्थी गेले. आता दर वर्षी लाखो जातात. कोणी म्हणेल, ही तर पैसेवाल्यांच्या पोरांची सहल! काहींची होतही असेल. पण सगळ्यांची नाही.

सांता क्लारा हे गाव कॅलिफोर्निया राज्यात आहे. फेसबुक, गुगल अशा कंपन्यांची मोठी कार्यालये त्याच भागात आहेत. एके दिवशी वर्गात फेसबुक कंपनीचा वकील बोलायला आला. त्याचे बोलणे ऐकून श्रेम्सला नवल वाटले. युरोपचा कायदा काय आहे, हे या वकिलाला नीट माहीतच नाही, असे त्याचे मत झाले.

युरोपचा कायदा असा का आहे, त्याला कारण आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीच्या नाझी राजवटीने हॉलंडसारख्या देशांतल्या सरकारी नोंदवह्या हाती घेतल्या. कोण कुठे राहतो, कोणत्या धर्माचा, हे त्यांत लिहिलेले होते. त्यावरून ज्यू लोकांना हुडकून नेले. एका साध्या वहीने माणसाचा जीव जाऊ शकतो, हे त्या लोकांनी भोगले आहे. म्हणून माणसाची माहिती जपण्याचा जगातला पहिला कायदा जर्मनीतल्या हेस्से प्रांतात १९७० साली झाला. अमेरिकेत मात्र सगळ्या देशाला लागू होईल असा एकच कायदा नाही. दवाखान्याचा वेगळा, बँकेचा वेगळा, असे तुकडे आहेत. श्रेम्स घरीच राहिला असता, तर हा फरक त्याला पुस्तकात दिसला असता. तिथे तो समोर बसून बोलताना दिसला.

त्या वर्गासाठी त्याला निबंध लिहायचा होता. त्याने विषय घेतला : फेसबुक युरोपचा कायदा पाळते का? मग त्याने कंपनीला लिहिले, माझ्याविषयी तुमच्याजवळ जे आहे त्याची नक्कल द्या. युरोपच्या कायद्याने ती द्यावीच लागते. कंपनीने एक तबकडी पाठवली. तिच्यात १,२०० च्या वर पाने निघाली! त्याने स्वतः पुसून टाकलेले निरोपसुद्धा त्यात होते. म्हणजे पुसले ते फक्त त्याच्या डोळ्यांपुरते.

फेसबुकचे युरोपातले मुख्य कार्यालय आयर्लंड देशात आहे. म्हणून तिथल्या अधिकाऱ्याकडे श्रेम्सने २०११ साली तक्रारी केल्या. २०१३ साली आणखी एक गोष्ट उघड झाली. अमेरिकेचे गुप्तहेर खाते या कंपन्यांकडून लोकांची माहिती मिळवत होते. श्रेम्सने पुन्हा तक्रार केली, की आमची माहिती अमेरिकेत नेऊ नका. आयर्लंडच्या अधिकाऱ्याने ती चौकशीला घेतली नाही. तो कोर्टात गेला. प्रकरण युरोपच्या सर्वांत वरच्या न्यायालयापर्यंत पोहोचले. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी निकाल लागला. माहिती नेण्याबाबतची युरोप-अमेरिकेतली जुनी व्यवस्था न्यायालयाने रद्द केली. दुसरी व्यवस्था केली, तीही १६ जुलै २०२० रोजी रद्द झाली. मे २०२३ मध्ये कंपनीला १२० कोटी युरो दंड झाला. आपल्या पैशात दहा हजार कोटी रुपयांहून जास्त. कंपनीने त्यावर दाद मागितली. त्याच वर्षी जुलैत तिसरी व्यवस्था झाली.

आता यंत्रही बोलू लागले आहे. विचारा, की ते उत्तर देते. याला कृत्रिम बुद्धिमत्ता म्हणतात. हे यंत्र पुष्कळ लिखाण वाचून, पुढचा शब्द कोणता असावा याचा अंदाज बांधते. अंदाज चुकला तरी बोलणे ठामच! श्रेम्सने २०१७ साली व्हिएन्नात एक संस्था काढली. तिने एप्रिल २०२४ मध्ये एक तक्रार केली. एका प्रसिद्ध माणसाची जन्मतारीख हे यंत्र चुकीची सांगते आणि कंपनी म्हणते, दुरुस्त करता येत नाही, अशी ती तक्रार होती. तारखेने काय होते, असे कोणी म्हणू नये. आपल्याकडे कितीजण कागदावर १ जूनलाच जन्मलेले आहेत, आणि पेन्शनच्या वेळी ते किती हेलपाटे घालतात, हे गावाला ठाऊक आहे. तिथे निदान भांडायला कचेरी तरी असते.

२०२४ साली युरोपने या यंत्रांसाठीही कायदा केला. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. माणसांच्या वागणुकीला गुण देऊन त्यांना अन्यायाने वागवायचे, हे त्याने बंद केले. समोर बोलतो तो माणूस नसून यंत्र आहे, हे सांगायलाच हवे, असेही त्यात आहे.

असले कायदे एका देशात बसून होणे कठीण. कंपनी एका देशात, तिची यंत्रे दुसऱ्या देशात, आणि वापरणारे तुम्हीआम्ही. म्हणून आम्हाला वाटते, की आपल्याकडच्या मुलामुलींनीही हे शिकायला बाहेर जावे आणि तिकडच्यांनी आपल्या खेड्यात येऊन पाहावे. एक मोबाईल सगळे घर वापरते, ओटीपी कोणालाही सांगितला जातो, हे त्यांना व्हिएन्नात बसून कसे कळणार?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. २०२३ साली संसदेने माहिती जपण्याचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, तेही टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे ठरले. माझ्याविषयी तुमच्याजवळ काय आहे ते दाखवा, चुकले ते दुरुस्त करा, नको ते पुसा, असे कंपनीला सांगण्याचा हक्क त्या कायद्यात लिहिला आहे.